किडनी ट्रान्सप्लान्टच्या आधी मानसोपचारवाल्या डॉक्टरांची भेट : जुनं डिप्रेशन सांगायचं की नाही?

पऱ्हाटीवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमची कपाशी-तुरीची शेती आहे. माझ्या मोठ्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत, वय ४१. डायलिसिस सुरू आहे. वहिनी किडनी द्यायला तयार आहेत, रक्तगट जुळला. नागपूरला तपासण्या चालू आहेत. हृदय, फुफ्फुस, दात, सगळं झालं. आता तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडमनी दादा आणि वहिनी दोघांनाही मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं लिहून दिलं आहे.

अडचण अशी की २०१७ मध्ये बोंडअळीनं पीक गेलं, त्यानंतर दादानं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचला. पुढे बराच काळ डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या, मग डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून बंद केल्या. आता घरात दोन तट पडले आहेत. काकाजी म्हणतात, "ते कागद बाहेर काढाल तर फाइल तिथेच बंद." वहिनी म्हणतात, सगळं सांगायचं. दादा काहीच बोलत नाही.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा. हे डॉक्टर नेमकं काय विचारतात? आणि जुनं सांगितलं तर खरंच नाकारतात का?

खर्रा_सोडला
सांगा. लपवू नका.

बुटीबोरीकर
मी उलट सांगतो. आमच्या ओळखीतल्या एकाला झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या होत्या. त्यानं कुठेच नोंद होऊ दिली नाही. ट्रान्सप्लान्ट झाला, माणूस आज कंपनीत कामावर जातो. गरीब माणूस नागपूरपर्यंत पोचतो तेव्हाच अर्धा जीव गेलेला असतो. एवढं करून एका कागदापायी मागे फिरावं लागलं तर जबाबदारी कोणाची? जेवढं विचारतील तेवढंच बोला.

वऱ्हाडी_बाणा
पन मी म्हन्तो किडनीचा आजार अन् वेड्याच्या डॉक्टरकडे काहून पाठवते? माह्या मामाजीलेबी असंच पाठवलं होतं. ते तं रागानं गाडीत जाऊन बसले. म्हने मी काय येडा हाये का? अर्धा दिवस समजावण्यात गेला बाप्पा.

डॉ_सावली
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, विदर्भातच काम करते. माझ्याकडे ट्रान्सप्लान्टच्या आधीचे रुग्ण आणि दाते येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वऱ्हाडी_बाणा, तुमच्या मामाजींसारखे रागावलेले पुष्कळ जण येतात, आणि चूक त्यांची नसते. कोणी नीट सांगितलेलंच नसतं की ही भेट सगळ्यांसाठी आहे. पेशंट वेडा आहे की शहाणा, हे आम्ही बघत नाही. नवी किडनी बसली की रोज, ठरलेल्या वेळी, किडनी चालते आहे तोवर गोळ्या घ्याव्या लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) ही नावं पुढे तुमच्या तोंडपाठ होतील. या गोळ्या चुकल्या तर शरीर ती किडनी परकी म्हणून नाकारू लागतं. म्हणून आम्ही बघतो : माणसाला आजार कळला आहे का, गोळ्या नियमित घेईल का, तंबाखू-दारू आहे का, घरात कोण सांभाळणार, आणि आत्ता मन कसं आहे.

आता मूळ प्रश्न. पूर्वी डिप्रेशन होतं, उपचार घेतले, बरं वाटलं, एवढ्यावरून कोणी नाकारत नाही. उलट, त्रास झाला तेव्हा हा माणूस डॉक्टरकडे गेला आणि सांगितल्या गोळ्या घेतल्या, ही त्याच्या बाजूची गोष्ट आहे. सध्या जीव द्यायचे विचार चालू असतील, भ्रम-भास असून उपचार नसेल, व्यसन चालू असेल, तर थांबवतात. पण बहुतेक वेळा ते थांबवणं उपचारापुरतं असतं. जमिनीची माती तपासली म्हणून जमीन नापास होत नाही, कोणतं खत लागेल ते कळतं, तसंच हे आहे.

बुटीबोरीकर, तुमच्या ओळखीतल्यांचं चांगलं झालं याचा आनंद आहे. पण लपवण्यातला धोका शस्त्रक्रियेच्या आधी दिसत नाही, नंतर दिसतो. सुरुवातीला स्टेरॉइडचा डोस मोठा असतो. त्यानं झोप उडते, चिडचिड होते, काहींना खोल उदासी येते, काहींचं मन उलट भलतंच उधाणतं. आधीचा इतिहास माहीत असेल तर टीम पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवते. माहीत नसेल तर वॉर्डात सगळे म्हणतात, ऑपरेशनचा शीण आहे. शिवाय मनाच्या आजाराची काही औषधं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतात, फ्लुवोक्सामिन त्यातलंच एक. कोणी गुपचूप घेत असेल तर नव्या किडनीलाच इजा.

आणि कृपा करून, "तपासणीत गोळ्या दिसू नयेत" म्हणून चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. हे मी पुन्हा पुन्हा बघते.

पऱ्हाटीवाला_दारव्हा
डॉक्टर मॅडम, धन्यवाद. काकाजींना आणखी एक भीती आहे, की जुन्या प्रकरणावरून पोलीस केस उकरून काढतील. तेव्हा स्टेशनला जबाब झाला होता.

डॉ_सावली
मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ११५. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, आणि त्यासाठी त्याच्यावर खटला भरून शिक्षा करता येत नाही. वेगळं सिद्ध करायचं झालं तर ते सरकार पक्षाला करावं लागतं. त्याच कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचंही बंधन आहे. काकाजींना एवढं वाचून दाखवा.

अचलपूरची_लेक
मी स्वतः दाता आहे. नवऱ्याला किडनी दिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. प्रश्न काय विचारतात ते सांगते.

आधी दोघांना एकत्र बसवलं, मग वेगवेगळं. नवऱ्याला विचारलं, "गोळी सकाळी ८ ला आणि रात्री ८ ला आहे. लाइट नाही, घड्याळ बंद, तुम्ही वावरात आहात. काय कराल?" हे म्हणाले, मोबाइल असतो. डॉक्टर म्हणाले, मोबाइलची बॅटरी उतरली तर? हे गप्प. मग मीच म्हटलं, रात्रीची गोळी शेवटची एसटी गावातून जाते तेव्हा, अख्ख्या गावाला तिचा हॉर्न ऐकू येतो. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं! मग विचारलं, रक्ततपासणीच्या दिवशी सकाळची गोळी कधी? आम्हाला माहीत नव्हतं. रक्त दिल्यावर घ्यायची, आधी घेतली तर औषधाची रक्तातली पातळी चुकीची येते. हे आमचं तिथेच शिकून झालं.

मग नवऱ्याला बाहेर पाठवलं आणि दार लावलं. मला विचारलं, "तुम्हाला कोणी म्हटलं का, दिली नाही तर माहेरी जा? नंतर नाही म्हणावंसं वाटलं तर म्हणू शकता, हे माहीत आहे का? तुमचं नाव न येऊ देता आम्ही घरच्यांना फक्त सांगू की दाता योग्य नाही." मी हो म्हणूनच गेले होते, मनापासून. पण इतक्या वर्षांत मला एकटीला बसवून कोणी असं विचारलं नव्हतं. मी रडले. त्यांनी पाणी दिलं आणि घाई केली नाही.

दारव्हावाले भाऊ, तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये वहिनींच्या किडनी देण्याबद्दल एकच ओळ आहे, "तयार आहेत." त्यांना एकटीला कोणी विचारलं आहे का?

बुटीबोरीकर
ताई, हे पटलं. पण घरातली बाई स्वतःहून म्हणते तेव्हा संशय तरी कशाला घ्यायचा?

अचलपूरची_लेक
संशय नाही हो. वॉर्डात माझ्या आजूबाजूला देणाऱ्या बहुतेक बायाच होत्या, आई, बायको, बहीण, आणि घेणारे बहुतेक पुरुष. कमावता माणूस वाचला पाहिजे हे सगळ्यांना पटतं, बाईलाही पटतं. म्हणूनच तिला एकदा दार लावून विचारायचं.

कायद्याचं_बोला
ताईंच्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा, त्यात २०११ ला दुरुस्ती झाली आणि २०१४ ला नवे नियम आले. त्या नियमांत स्पष्ट आहे की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्या सोडून दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी. बौद्धिकदृष्ट्या अक्षम व्यक्तीचा अवयव तिच्या हयातीत काढायला कायद्यानं मनाई आहे. जवळच्या नात्यात आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, पती-पत्नी होतेच, २०११ नंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही आली.

संग्रामपूर_खारपाण
आमच्या बुलडाणा जिल्ह्यात या, गावागावांत किडनीचे पेशंट दाखवतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पाण्यामुळेच की आणखी कशामुळे, यावर तज्ज्ञ बोलत राहतात, तोवर आम्ही माणसं उचलून डायलिसिसला नेतो. मनाच्या आरोग्याचं म्हणाल तर ज्या घरात एक किडनीवाला आहे तिथे दुसऱ्या माणसाला साधी लघवीची जळजळ झाली तरी झोप लागत नाही. त्यांना कोण विचारतं? ट्रान्सप्लान्टपर्यंत पोचतात त्यांना तरी मानसोपचारवाले भेटतात. डायलिसिसवर वर्षानुवर्षं काढतात त्यांना कोणी भेटत नाही.

यंत्राजवळची_सिस्टर
संग्रामपूरवाले, अगदी खरं. मी डायलिसिस युनिटला आहे. चार तास माणूस खुर्चीत, हाताला दोन जाड सुया, डोळे छताकडे. दिवसाला मोजकंच पाणी प्यायचं. उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा असताना पेशंट बर्फाचा एक खडा जिभेवर धरून बसतात. घरी भाजी आधी पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं, पोटॅशियमसाठी. लग्नाला गेलं तर काय खाऊ हा प्रश्न, म्हणून माणूस लग्नाला जाणंच सोडतो. हळूहळू बोलणं सोडतो.

दारव्हावाले भाऊ, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये मला टोचलं ते एक वाक्य. "दादा काहीच बोलत नाही." तुम्ही सगळे भांडताय जुन्या डिप्रेशनवर. आत्ताचं काय? झोप कशी आहे? जेवतात का? एखादं डायलिसिस चुकवतात का, "आज राहू दे" म्हणून? आमच्याकडे जो वारंवार चुकवायला लागतो त्याच्याशी मी खुर्ची ओढून बसून बोलते, कारण बहुतेक वेळा कारण एसटी नसतं. त्यांना सरळ विचारा, जगणं नकोसं वाटतं का. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला हलकं वाटतं. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलतात. तालुक्याला तज्ज्ञ नसेल तर तिथून सुरुवात करा.

संपादक
या धाग्यावर एका सदस्यानं "बाहेरून किडनीची सोय" करून देण्याबद्दल फोन नंबर टाकला होता. प्रतिसाद उडवला आहे, सदस्यत्व रद्द केलं आहे. अवयवाचा पैशानं व्यवहार करणाऱ्याला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. व्यक्तिगत संदेशातून कोणी संपर्क केला तर आम्हाला कळवा.

वर्धेकर
विषय किडनीचा आहे, पण लिव्हरचं सांगतो, कारण मनाशी त्याचा थेट संबंध आमच्या घरानं भोगला.

माझ्या काकांना दारूनं सिरॉसिस झाला. हो, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असूनही. एका पावसाळ्यात ते दिवसा झोपू लागले आणि रात्रभर घरात फिरू लागले. काकूंना ओळखेनात. पुढे हात केले की पंजे पंख मारल्यासारखे हलायचे. घरच्यांनी ठरवलं, बाहेरचं आहे. लिंबू झाले, कोंबडं झालं. कोणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला, मनोरुग्णालयात न्या. शेवटी सेवाग्रामला नेलं तेव्हा कळलं की लिव्हर काम करेनासं झालं की अमोनियासारखी विषारी द्रव्यं रक्तातून मेंदूपर्यंत जातात. लॅक्टुलोजचं गोड सिरप आणि बाकी औषधं दिल्यावर दोन-तीन दिवसांत काका काकूंना नावानं हाक मारायला लागले. कोणाच्या घरी लिव्हरचा पेशंट असा अचानक बदलला तर आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर.

पुढे ट्रान्सप्लान्टचं विचारलं तर दारूसाठी मानसोपचाराची अट घातली. सोडून किमान ६ महिने झाले पाहिजेत म्हणाले. काका तेवढे जगले नाहीत.

बुटीबोरीकर
वाईट वाटलं वाचून. पण कठोर वाटेल तरी बोलतो, दारूनं स्वतःचं लिव्हर घालवणाऱ्याला दुसऱ्याचं का द्यावं? रांगेत लहान मुलंही असतात.

वर्धेकर
माझे काका चौथीपासून बैल हाकत होते आणि बापाबरोबर प्यायला शिकले. त्यांना कोणी कधी सोडवायचा उपचार दिला नाही, फक्त शिव्या दिल्या. तुम्ही म्हणता त्यात तथ्य नाही असं नाही, पण माणूस लायक आहे का हे ठरवायला बसलो तर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा, मीठ न सोडणारा, बीपीची गोळी चुकवणारा, सगळेच रांगेबाहेर जातील.

डॉ_सावली
दोघांच्याही भावना समजतात. एवढंच सांगते : ६ महिन्यांची अट कायद्यात नाही, ती केंद्रांनी ठेवलेली पद्धत आहे, आणि जगभर तिच्यावर वाद आहे. एक कारण असंही आहे की दारू थांबवल्यावर काहींचं लिव्हर बरंच सावरतं आणि ट्रान्सप्लान्ट लागतच नाही. आम्ही शिक्षा द्यायला बसलेलो नसतो. नवं लिव्हर टिकावं म्हणून काय आधार लागेल ते बघतो.

खर्रा_सोडला
खर्ऱ्याचा विषय निघाला म्हणून. माझा ट्रान्सप्लान्ट याच पायी लांबला. पोटात, दातांत, रक्तात सगळं ठीक, आणि मानसोपचारवाल्या सरांनी खिशातली पन्नी बघितली. "ही सुटल्यावर या." मी भांडलो. नंतर त्यांनीच सोडायला मदत केली. निकोटिनचं च्युइंगम, आणि पानठेल्यावरचा रस्ता बदलायचा, असं साधं साधं. आज नवी किडनी आहे आणि सुपारीनं आखडलेलं तोंडही थोडं जास्त उघडतं. म्हणून पहिल्या प्रतिसादात तीनच शब्दांत लिहिलं होतं. त्यांना खरं दिसलं म्हणून मी वाचलो.

तिवसा_एक्स्प्रेस
माझ्या बहिणीला बायपोलर आहे (मन कधी उधाणतं, कधी खचतं), त्यासाठी लिथियमची गोळी चालू आहे, आणि आता रक्तातलं क्रिएटिनिन वाढतंय, म्हणजे किडनी कमी काम करतेय. तिलाही पुढे असं काही लागेल का? लिथियम बंद करू का?

डॉ_सावली
स्वतः बंद करू नका, एक दिवसही. लिथियम वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या किडनीवर परिणाम होतो, म्हणूनच अधूनमधून रक्तातली पातळी, क्रिएटिनिन आणि थायरॉइड बघायचं असतं. मानसोपचार आणि किडनी, दोन्ही डॉक्टरांना याच आठवड्यात एकमेकांचे कागद दाखवा. दुसऱ्या औषधावर न्यायचं असेल तर ते हळूहळू आणि देखरेखीखाली. अंगदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून घेत असेल तर त्या मात्र आजच थांबवायला सांगा, त्यांनी लिथियमची पातळी वाढते. उलट्या, जुलाब, हात थरथरणं, तोल जाणं असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.

पऱ्हाटीवाला_दारव्हा
मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, वेचणी चालू होती.

सिस्टरचा प्रतिसाद वाचून त्या रात्री दादाजवळ बसलो. सरळ विचारलं. तो म्हणाला, मरावंसं वाटत नाही, पण हिची किडनी घ्यावीशीही वाटत नाही. "माझ्यापायी तिला कापायचं, आणि मी पुन्हा तसाच झालो तर?" एवढे महिने हेच मनात घेऊन तो गप्प होता. आम्ही समजत होतो जुन्या कागदांची भीती आहे.

नागपूरला दादानं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. २०१७ चे कागदही आम्ही दिले. डॉक्टरांनी कोणत्या गोळ्या, किती, कधी थांबवल्या ते लिहून घेतलं. फाइल बंद झाली नाही. सध्या सौम्य डिप्रेशन आहे म्हणाले, किडनीच्या पेशंटला चालेल अशा बेतानं एक गोळी सुरू केली आणि पुन्हा बोलावलं आहे. ऑपरेशन त्यानंतर. काकाजींनी उशीर होतो म्हणून तोंड वाकडं केलं, पण दादा त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर झोपला.

वहिनींना वेगळं बसवलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बाहेर येऊन त्यांनी फक्त एक अट सांगितली, की ऑपरेशननंतर निंदणाला आणि पाणी शेंदायला मला कोणी लावायचं नाही. मान्य केलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खर्चाचं कसं? आणि वहिनींचं आधार कार्ड अजून माहेरच्या नावाचं आहे, तिथल्या मॅडमनी नवरा-बायको असल्याचा पुरावा मागितला आहे.

यंत्राजवळची_सिस्टर
दादा बोलले, फार बरं झालं. डायलिसिसला सोबत कोणीतरी बसत जा, नुसतं सोडून जाऊ नका.

अचलपूरची_लेक
वहिनींची अट लिहून ठेवा, आणि सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचा. मी सांगितली नव्हती, मला लवकरच घागर उचलावी लागली. नंतर वहिनींचंही बीपी आणि लघवी दरवर्षी तपासा. घेणाऱ्याची तपासणी सगळ्यांच्या लक्षात राहते, देणारीची नाही.

कायद्याचं_बोला
खर्च : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लान्टची मर्यादा २०२३ च्या निर्णयात अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. तुमचं रुग्णालय त्यासाठी योजनेत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा, आणि ऑपरेशननंतरच्या गोळ्यांचं कसं, हेही आत्ताच विचारून घ्या. तो खर्च कायमचा आहे.

पुरावा : लग्नाची नोंद झालेली नसेल तर ग्रामसेवकाकडे करा, ग्रामपंचायत हद्दीत विवाह निबंधक तेच असतात. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे दाखले आणि तीन साक्षीदार घेऊन जा. दाखला हातात आला की त्यावरून आधारचं नाव बदला. मुलांचे जन्मदाखले आणि रेशन कार्डही सोबत ठेवा, ते विचारतात.

पऱ्हाटीवाला_दारव्हा
लग्नपत्रिका आईच्या पेटीत सापडली. सोमवारी ग्रामसेवक भेटतात, तेव्हा जातो. साक्षीदार म्हणून काकाजी यायला तयार आहेत.